धार आई काढते, कोड वडिलांच्या नावावर, बिल्ला तिसऱ्याच्याच : दूध अनुदान मिळणार कसं?

गव्हाण (३ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी आष्टी तालुक्यातला (जि. बीड), नोकरीसाठी पुण्यात. गावी आई आणि धाकटा भाऊ. दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी जातीच्या) गायी, एक गाभण कालवड आणि तीन एकर कोरडवाहू, एवढाच प्रपंच. वडील चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून गोठा आईच बघते. पहाटे साडेचारला शेणघाण, मग कुट्टी, मग धार, आणि सहाच्या आत किटली डेअरीवर.

गेल्या वर्षी सरकारने गायीच्या दुधाला अनुदान दिलं. १ जुलै २०२४ पासून लिटरला ५ रुपये, पुढे १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर ७ रुपये. आमचं दोन्ही वेळचं मिळून रोज १८ लिटर दूध जातं. पहिल्या तीन महिन्यांचे ८,२८० आणि नंतरच्या दोन महिन्यांचे ७,६८६, मिळून १५,९६६ रुपये व्हायला हवे होते. आमच्याकडे तेवढ्यात सरकी पेंडीची आठ-नऊ पोती येतात. आले शून्य. पलीकडच्या वस्तीवरच्या दोघांना मात्र मिळाले, आणि डेअरी तीच.

डेअरीवर विचारलं तर म्हणाले, तुमची माहिती वर गेलीच नाही. कारण कोड (दूध घालणाऱ्याचा डेअरीतला खातेनंबर) अजून वडिलांच्या नावावर. बिल दर दहा दिवसांनी रोख मिळतं, आई सही करून घेते. एक गाय काष्टीच्या बाजारातून आणलेली, तिच्या कानातला बिल्ला विकणाऱ्याच्या नावावर. दुसरीचा बिल्ला कुंपणाच्या तारेत अडकून पडला, तो परत मारलाच नाही.

आई म्हणाली, "धार मी काढते, मग त्यांना नाव कुणाचं पाहिजे?" मला उत्तर देता आलं नाही. सुरुवात कुठून करू? गेलेलं अनुदान मिळू शकतं का? आणि दोन गायींच्या माणसाला खरोखर उपयोगी पडतील अशा योजना कोणत्या, हे अनुभवाने सांगा. जाहिराती पुष्कळ वाचल्या आहेत.

---

गुरांचा_दवाखाना (३ ऑगस्ट, रात्री ११:०५)

गव्हाण, पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक म्हणून माझी सगळी नोकरी खेड्यातल्या दवाखान्यांत झाली, आता निवृत्त आहे. तुमच्यासारखी घरं गावोगाव पाहिली आहेत.

हे अनुदान थेट उत्पादकाच्या बँक खात्यात येतं. त्यासाठी माणसाचं आधार, त्या आधारला जोडलेलं खातं आणि 'भारत पशुधन' या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत त्याच माणसाच्या नावावर असलेली गाय, या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागतात. चौथी अट डेअरीसाठी होती. ३.५ फॅट (स्निग्धांश) आणि ८.५ एसएनएफच्या (स्निग्धांश सोडून उरलेल्या घन पदार्थांच्या) दुधाला तिने जुलैपासून ३० आणि ऑक्टोबरपासून २८ रुपये द्यायचे, तेही बँकेतून. रोखीचं बिल त्यात धरलंच जात नाही. म्हणजे तुमच्या घरी तिन्ही कड्या सुटलेल्या आणि चौथी डेअरीने सोडलेली.

आधी बिल्ला करून घ्या. तो सगळ्यात स्वस्त आणि सोपा आहे. दवाखान्यात आईला घेऊन जा, तिचं आधार आणि फोन सोबत ठेवा. पडलेल्या बिल्ल्याच्या जागी नवा मारून त्याचा १२ आकडी नंबर तिच्या नावावर चढवायचा. काष्टीच्या गायीची मालकी बदलून मागायची. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्रीही करता येत नाही, तेव्हा हे काम कधीतरी करावंच लागणार.

गेलेल्या पैशाबद्दल मी खोटी आशा लावणार नाही. तरी डेअरीच्या पावत्या जोडून जिल्हा दुग्धव्यवसाय विकास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार दाराबाहेर आलं की विरून जाते.

---

निपाणीकर (४ ऑगस्ट, सकाळी ७:१५)

आम्ही सीमेच्या या बाजूला. घरात मराठी, दूध मात्र कर्नाटकच्या सोसायटीला. इकडे सरकारचं प्रोत्साहन २००८ साली लिटरला २ रुपयांनी सुरू झालं, २०१३ ला ४ झालं, २०१६ ला ५. सरकारं आली-गेली, योजना राहिली. सहकारी सोसायटीला दूध घालणाऱ्यालाच ते मिळतं, खासगीला घातलं तर नाही. पैसे कधी कधी दोन-चार महिने मागे पडतात, तेव्हा सगळेच चिडतात. पण ते आहेत हे धरून आम्ही कालवड ठेवायची की विकायची ते ठरवू शकतो.

माझी मामेबहीण कागलकडे दिलीय. तिला दर वेळी नव्याने बातमी बघावी लागते : या महिन्यात आहे का, कुठपर्यंत आहे, कुणाला आहे. गाय काही दोन महिन्यांच्या मुदतीवर दूध देत नाही. कालवड जन्मल्यापासून पहिल्या वेतापर्यंत अडीच-तीन वर्षं सांभाळावी लागते.

---

माणदेशी (४ ऑगस्ट, सकाळी ८:५०)

निपाणीकर, नेमकं बोललात. आमचं दुखणं तेच.

जुलै २०२३ मध्ये सरकारने ३.५/८.५ च्या गायीच्या दुधाला किमान ३४ रुपये दर ठरवला होता. त्या वर्षाची दिवाळी सरेपर्यंत आमच्याकडे २६-२७ वर आला. डेअरीला विचारलं तर म्हणे आदेश आहे, पण सक्ती कुठाय? मग जानेवारी २०२४ मध्ये ५ रुपये अनुदान आलं, ११ जानेवारीपासून दोन महिने. पुन्हा बंद. पुन्हा जुलैत चालू. मधले महिने आम्ही काय खायचं आणि गायीला काय घालायचं? गेल्या जुलैत अकोले तालुक्यात कोतूळला शेतकरी दिवसेंदिवस धरणं धरून बसले होते, ४० रुपये दर मागत. ती माणसं हौसेने बसली नव्हती.

उसाला १९६६ चा नियंत्रण आदेश आहे, एफआरपी (केंद्राने ठरवलेला किमान दर) आहे. कारखान्याने थकवली तर साखर आयुक्त कारवाई करू शकतात. दुधाच्या पाठीशी असा कायदा नाही.

दुसरं, पॉईंट, म्हणजे फॅट-एसएनएफमधला ०.१ चा फरक. परवा वडिलांसोबत डेअरीवर उभा होतो. पोरगा मापातून थोडं दूध चमच्याने यंत्राच्या नळीखाली धरतो, आकडे पळतात, थांबतात. ३.४ आणि ८.३. आमच्या डेअरीच्या दरपत्रकात एसएनएफच्या एका पॉईंटला एक रुपया कपात आहे. दोन पॉईंट एसएनएफचे, एक फॅटचा, तिथेच अडीच रुपये गेले. वडील काही बोलले नाहीत. झाकण लावलं आणि किटली उचलली. पाऊस पडून हिरवा चारा पातळ आला की हे ठरलेलंच. मग सरकारने ३० जाहीर केले काय आणि ३५, आमच्या हातात येतो तो कापून उरलेला दर. पुढच्या वेळी अनुदान द्यायचं तर आधी त्या कपातीला मर्यादा घालावी आणि यंत्रांची तपासणी गावात येऊन, सगळ्यांसमोर व्हावी.

---

भुकटीप्लँट (४ ऑगस्ट, दुपारी १:३०)

मी बारा वर्षं एका दूध प्रकल्पात काम केलं, म्हणून दर का पडतो तेवढं सांगतो. महाराष्ट्रात गायीचं दूध पिशवीत खपतं त्याहून जास्त येतं. उरलेल्याची भुकटी आणि लोणी होतं. शंभर लिटर गायीच्या दुधातून साधारण साडेआठ किलो भुकटी निघते. बाजारात भुकटी पडली की प्रकल्पवाले खरेदीचा दर खाली आणतात. २०२३-२४ मध्ये हेच झालं. भुकटीशी काडीचा संबंध नसलेल्या दोन गायींच्या बाईला त्याची झळ पहिली बसते, कारण तिच्याकडे दूध साठवायला काही नाही. सकाळचं दूध सकाळीच द्यावं लागतं.

---

बचतगटवाली (४ ऑगस्ट, रात्री ८:२०)

मी पारनेर भागातली. गव्हाण दादा, तुमच्या आईंचा प्रश्न वाचून मी दुपारभर अस्वस्थ होते, कारण तोच प्रश्न आमच्या गटात तीन वर्षांपूर्वी निघाला होता.

उमेदच्या (सरकारच्या बचतगट अभियानाच्या) आमच्या गटात चौदा जणी. दहा जणींच्या घरी गायी. धार त्याच काढतात, वासराला पाजतात, गाय माजावर आली हे त्यांनाच आधी कळतं. आणि कोड? दहाच्या दहा नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, एक तर दिराच्या नावावर. बिल कधी झालं, किती झालं हेही दोघी-तिघींना माहीत नव्हतं.

आम्ही ठरवलं, निदान जिच्या घरी पुरुषमाणूस नाही तिचं आधी करायचं. अशा दोघी होत्या. डेअरीवर गेलो तर उत्तर मिळालं, "घरातलाच कोड आहे, बदलून काय होणार?" पुढच्या वेळी दहाजणी गेलो. मृत्यूचा दाखला, आधार, तिच्या एकटीच्या नावाचं पासबुक आणि "यापुढे बिल याच खात्यात जमा करावं" असा अर्ज. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर शिक्का. मग झालं.

फरक काय पडला तो सांगते. त्यातली एकजण भूमिहीन आहे. गायीच्या औषधपाण्यासाठी आणि खाद्यासाठी कर्ज हवं होतं. बँकेने विचारलं, तुमचं उत्पन्न दाखवा. तिने सात महिन्यांची दूधबिलं ठेवली पुढ्यात, तिच्या नावाची, खात्यात जमा झालेली. दुसऱ्याकडे सातबारा असतो, तिच्याकडे ही पावती होती. कर्ज मंजूर झालं. म्हणून म्हणते, अनुदान येवो न येवो, कोड आईंच्या नावावर कराच. तुमच्या किंवा भावाच्या नावावर करू नका. डेअरीवाले तसं सुचवतील, "पोराचं नाव टाका, सोपं पडतं" म्हणून. ऐकू नका.

---

गव्हाण (४ ऑगस्ट, रात्री ९:०२)

ताई, खरं सांगतो, माझ्या डोक्यात भावाचंच नाव होतं. त्याला फोनवरचं सगळं जमतं म्हणून. तुमचं वाचून थांबलो.

---

पासबुक (५ ऑगस्ट, सकाळी १०:१०)

ग्रामीण शाखेत काम करतो. बचतगटवाली ताईंनी सांगितलेलं अगदी बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो.

किसान क्रेडिट कार्ड पशुपालकालाही मिळतं, शेतजमीन नसली तरी. या १ जानेवारीपासून २ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. व्याज ७ टक्के, वेळेत फेडलं तर ३ टक्क्यांची सूट, म्हणजे ४ टक्के पडतं. पण हे कर्ज खाद्य, चारा, औषधं, मजुरी यासाठी आहे. गाय विकत घ्यायची तर वेगळं मुदत कर्ज. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ जणांना हा फरक कुणी सांगितलेला नसतो. ते गायीसाठी म्हणून येतात आणि निराश होऊन जातात.

माझी कळकळ दुसऱ्याच गोष्टीची आहे. खाद्यासाठी बहुतेक जण डेअरीकडून उचल घेतात. पोतं दारात येतं, पैसे बिलातून कापले जातात, सोयीचं वाटतं. मात्र उचल फिटेपर्यंत दूध दुसरीकडे घालता येत नाही, दर कमी मिळाला तरी. ४ टक्क्यांचं कार्ड त्या बांधिलकीतून माणसाला मोकळं करतं. तेव्हा शाखेत हाकललं तरी पुन्हा जा, लेखी अर्ज द्या, नाकारत असतील तर कारण लेखी मागा. मी बँकेतला असून हे सांगतोय.

---

खानदेशी_मका (५ ऑगस्ट, दुपारी ४:४५)

दोन योजना मी स्वतः पाहिल्यात.

एक, दुधाळ जनावरांचं गट वाटप. ऑनलाइन अर्ज असतो. दोन संकरित गायींच्या गटाची किंमत १,५६,८५० धरलीय, गायीला ७० हजार प्रत्येकी आणि वर तीन वर्षांचा विमा. सर्वसाधारण गटाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ७५ टक्के अनुदान. म्हणजे सर्वसाधारणला ७८,४२५ स्वतःचे घालावे लागतात. ज्याला गाय घ्यायला पैसे नाहीत म्हणून योजना, त्याच्याकडे एवढे रोख असावेत ही अपेक्षा मला पटत नाही. माझ्या चुलतभावाचं नाव यादीत लागलं, पण त्याचा हिस्सा वेळेत जमला नाही आणि नंबर पुढच्याला गेला. अर्ज करताना त्याच दिवशी बँकेच्या कर्जाचंही बोलून ठेवा.

दोन, रोजगार हमीतून गोठा. फेब्रुवारी २०२१ च्या निर्णयानंतर दोन ते सहा गुरांसाठी एक गोठा मिळतो, ७७,१८८ रुपये. आधी निदान सहा गुरं लागायची, त्यामुळे छोटा माणूस दारातच अडायचा. आता दोन गायींवर होतो. सिमेंटची जमीन, गव्हाण, २५० लिटरची मूत्र साठवायची टाकी, पाण्याची टाकी, सगळं त्यात धरलंय. जॉबकार्ड हवं, ग्रामपंचायतीच्या आराखड्यात नाव हवं. मी बांधला. पैसे तुकड्यातुकड्याने आले, पण आले. खाली सिमेंट आल्यापासून दगडीचा (कासदाहाचा) त्रास निम्म्याने कमी झाला. पावसाळ्यात चिखलात बसलेली गाय आणि कोरड्यात बसलेली गाय, फरक सडांवर दिसतो.

---

गुरांचा_दवाखाना (५ ऑगस्ट, सायंकाळी ६:३०)

मका, गोठ्याबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. लोक अनुदानाच्या आकड्याकडे बघतात, पण वर्षाचा तोटा होतो तो कासदाह, गोचीडताप आणि वेळेत न भरलेल्या गायीमुळे.

म्हणून फुकटातल्या गोष्टी आधी पदरात पाडून घ्या. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा गावात येते, चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला ब्रुसेलाची लस. दोन्ही २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आहेत. लसवाले आले की "आमची गाय दूध कमी देईल" म्हणून बरेच जण गाय मागच्या दाराने बाहेर काढतात. एखाद-दुसरा दिवस दूध थोडं कमी होतं, हे खरं. खुरकूत आली तर अख्खं वेत जातं, हेही खरं. आणि १९६२ नंबर भिंतीवर लिहून ठेवा, फिरत्या दवाखान्याची गाडी त्यावर बोलावता येते.

---

रावेरपट्टा (५ ऑगस्ट, रात्री १०:५५)

२०२२ मध्ये लम्पी (गुरांचा साथीचा त्वचारोग) आमच्या भागातून सुरू झाला. माझी दुसऱ्या वेताची गाय दहाव्या दिवशी गेली. अंगावर गाठी, पाय सुजलेले, खाणं बंद, आणि मेली तेव्हा पोटात पाच महिन्यांचं वासरू. सरकारने दुधाळ गायीला ३०,००० रुपये दिले, बैलाला २५,००० आणि वासराला १६,०००. मला मिळाले, नाही म्हणणार नाही. पंचनाम्याला डॉक्टर स्वतः आले, भर पावसात. ते उपकार विसरणार नाही. पण त्या पैशात तशी गाय येत नाही. मी त्यानंतर एक वर्ष डेअरीवर गेलोच नाही.

विमा काढला असता तर, हा विचार अजून जात नाही. गेल्या वर्षापासून केंद्राने विम्यात शेतकऱ्याचा हिस्सा १५ टक्क्यांवर आणलाय, बाकी हप्ता सरकारं भरतात. तुमच्या दवाखान्यात विचारा, चालू असेल तर एक दिवसही थांबू नका.

---

माळरान (६ ऑगस्ट, सकाळी ९:२५)

एक प्रश्न कुणी घेतला नाही. एचएफला गोऱ्हा झाला तर काय करायचं? शेतात बैल म्हणून चालत नाही, २०१५ च्या कायद्यानंतर कत्तलीसाठी विकता येत नाही, आणि त्याला पाजलेलं दूध डेअरीला जात नाही. आमच्या गावच्या माळावर सोडलेले गोऱ्हे फिरताना दिसतात, मन गलबलतं. लिंगनिर्धारित रेतमात्रांनी (कृत्रिम रेतनासाठी निवडलेल्या वीर्यमात्रांनी) दहात नऊ वेळा कालवडच होते म्हणतात. त्या गावच्या दवाखान्यात कायम आणि परवडणाऱ्या दरात मिळाल्या तर लहान शेतकऱ्याला पाच रुपयांच्या अनुदानाहून जास्त फायदा होईल, असं माझं ठाम मत आहे.

---

माणदेशी (६ ऑगस्ट, सकाळी ११:००)

माळरान, सहमत. गेल्या महिन्यात राज्याने पशुपालनाला शेतीसमान दर्जा दिला, वीज शेतीच्या दराने आणि कर्जावर व्याज सवलत मिळणार म्हणतात. गोठ्याचं वीजबिल प्रत्यक्ष खाली आलं की इथे बिलाचा फोटो टाकेन.

---

गव्हाण (१६ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१५)

मंडळी, उशीर झाला. सप्टेंबरच्या पावसाने आमच्या भागाची दैना झाली, आमचा चारा वाहून गेला. गायी वाचल्या. खालच्या वस्तीवर एकाच्या दोन गायी पाण्यात गेल्या. दुधाळ जनावराला ३७,५०० रुपये भरपाई आहे. त्याच्याकडे बिल्ल्यांचे नंबर लिहून ठेवलेले होते, त्याचा पंचनाम्यात उपयोग झाला. ते बघून आईनेच मला फोन केला, "आपलं कधी करतोस?"

तीन दिवस रजा काढून गेलो. बिल्ल्याचं काम पहिल्या खेपेला झालं नाही, डॉक्टर दुसऱ्या गावाला गेले होते. दुसऱ्या दिवशी झालं. काष्टीच्या गायीसाठी विकणाऱ्याला फोन करावा लागला, भला माणूस, लगेच हो म्हणाला. बँकेत आईच्या एकटीच्या नावाचं खातं. डेअरीत अपेक्षेप्रमाणे "पोराचं नाव टाका" झालंच. आई माझ्या आधी बोलली, "पोरगा पुण्याला आहे. दूध मी आणते."

मागच्या अनुदानाचा अर्ज दिलाय, पोच आहे, उत्तर नाही. गोठ्यासाठी ग्रामपंचायतीत नाव दिलंय. कार्डासाठी तीन महिन्यांची बिलं साठली की जाणार.

पहिलं बिल ११ तारखेला खात्यात जमा झालं. आईला मेसेज वाचता येत नाही, म्हणून भाऊ मोठ्याने वाचून दाखवतो. तिने त्याला पावतीवरचं नाव दोनदा वाचायला लावलं. आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं.

---

बचतगटवाली (१६ नोव्हेंबर, रात्री ९:५०)

दादा, डोळे भरून आले. त्यांना माझा नमस्कार सांगा. एक विचारायचं होतं, विकणारा दुसऱ्या जिल्ह्यातला असताना मालकी बदलायला तो स्वतः यावा लागला का? आमच्या गटात तिघींच्या गायी बाजारातल्या आहेत.

---

गव्हाण (१६ नोव्हेंबर, रात्री १०:०४)

नाही ताई, आमच्याकडे तो आला नाही. डॉक्टरांनी त्याच्याशी फोनवर बोलून घेतलं. बाजाराची पावती जपून ठेवली होती, तीही दाखवली. तिघींना म्हणावं, पावती असेल तर सोबत न्या.